तांब्याने क्रिस्टलायझेशन लवकर, निओबियमने उशिरा, मग दोन्ही एकत्र कशाला टाकतात?

काचेचं_लोखंड:
नमस्कार मंडळी. एमटेक मटेरियल्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट अमॉर्फस आयर्न रिबनवर, म्हणजे काचेसारखं, अणूंची रांग न लागलेलं लोखंड. मेल्ट स्पिनिंग करून, म्हणजे वितळलेला धातू फिरत्या गार चाकावर सोडून, तीन रिबन काढल्यात, जाडी साधारण २० ते २५ मायक्रॉन. ए म्हणजे साधी, लोह ७८ सिलिकॉन ९ बोरॉन १३. बी म्हणजे तीच, फक्त १ टक्का लोह काढून तिथे तांबं. आणि सी म्हणजे ती सगळीकडे दिसणारी फेमस रेसिपी, लोह ७३.५ सिलिकॉन १३.५ बोरॉन ९ निओबियम ३ तांबं १. सगळे अणू टक्के.

डीएससी (गरम करत जाताना क्रिस्टल होऊन उष्णता बाहेर पडली की तिथे पीक दिसतो ती चाचणी) मिनिटाला २० डिग्री रेटने केली. ए मध्ये दोन पीक अगदी चिकटून, ५२५ आणि ५५५ च्या आसपास. बी मध्ये पहिला पीक खाली सरकून ४७० ला आला, दुसरा जवळपास जागेवरच. सी मध्ये पहिला ५४५ आणि दुसरा थेट ७०० ला.

आता माझा गोंधळ असा की तांबं क्रिस्टल लवकर आणतंय हे बी वरून दिसतं, निओबियम उशिरा आणतंय हे सी वरून दिसतं, म्हणजे एक गाडी पुढे ढकलतोय आणि दुसरा ब्रेक दाबतोय, मग दोघांना एकाच भांड्यात घालून मिळतं काय? गाईड म्हणाले "नॅनो ग्रेन मिळतात, वाच", आणि पेपर वाचले तर प्रत्येकात तेच एक वाक्य फिरवून लिहिलेलं, तांबं न्यूक्लिएशन (क्रिस्टलच्या बीजांचा जन्म) वाढवतं निओबियम ग्रोथ (त्यांची वाढ) कमी करतं. पाठ झालंय, पण डोक्यात शिरलं नाही. व्हायवात कुणी "म्हणजे नक्की काय होतं?" विचारलं तर माझी विकेट तिथेच पडणार.

डीएससीपीडित:
सोपं आहे रे. निओबियम मोठा अणू, तो अमॉर्फस फेज स्टेबल करतो म्हणजे क्रिस्टलायझेशन थांबवतो. तांबं बहुतेक रिबन नीट पडावी म्हणून घालत असतील. पीक जेवढा वर तेवढं मटेरियल चांगलं, एवढं लिहून दे, आमच्या बॅचला चाललं होतं.

जुना_धातुकार:
वरच्या भावाने जे लिहिलंय ते व्हायवात बोलू नकोस, प्लीज. इथे क्रिस्टलायझेशन थांबवायचंच नाहीये, उलट करायचंय, मुद्दाम करायचंय, फक्त आपल्याला हवं तिथपर्यंत करून मग थांबायचंय. या मटेरियलची सगळी गंमत अर्धवट क्रिस्टलाइझ होण्यात आहे. पूर्ण अमॉर्फस ठेवायचं असतं तर तुझी ए रिबन बरी होती की, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये तीच जाते आणि तिचं सॅच्युरेशन, म्हणजे जास्तीत जास्त चुंबकपणा, १.५६ टेस्ला म्हणजे सी पेक्षा जास्तच, सी ला १.२४ च मिळतात.

आता "म्हणजे नक्की काय होतं" त्याकडे. तुला सी रिबन सुमारे ५५० डिग्रीला तासभर ठेवायची आहे. त्या तासात तांबं आणि निओबियम एकमेकांच्या विरुद्ध काम करत नाहीत, ते वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करतात. तांब्याचं आणि लोखंडाचं पटत नाही, मिसळण्याची एन्थाल्पी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे मिसळायला उलट ऊर्जा घालावी लागते. मेल्ट इतक्या घाईत गोठवल्यामुळे, सेकंदाला दहा लाख डिग्रीच्या हिशेबाने, तांब्याचे अणू सगळीकडे विखुरलेले अडकून पडलेत, आणि गरम केल्याबरोबर ते आपापले गोळा व्हायला लागतात. हे ४०० डिग्रीलाच सुरू होतं, म्हणजे लोखंडाचा पहिला क्रिस्टल दिसायच्या बऱ्याच आधी. काही नॅनोमीटरचे गुच्छ, आणि संख्या प्रचंड, घनमीटरमध्ये १ वर २४ शून्यं या घरातली. ॲटम प्रोबमध्ये, म्हणजे एकेक अणू टिपणाऱ्या यंत्रात, हे गुच्छ सरळ दिसलेत आणि त्यांना खेटूनच लोखंडाचे क्रिस्टल बसलेले दिसलेत, त्यामुळे ही नुसती थिअरी नाही. असंख्य जागी एकदम सुरुवात होते, तांब्याचं काम तिथे संपलं.

मग क्रिस्टल वाढायला लागतात आणि तिथे निओबियम आडवा येतो. लोखंड-सिलिकॉनच्या क्रिस्टलमध्ये निओबियमला जागा नाही, बोरॉनलाही नाही, दोघं बाहेर ढकलले जातात आणि क्रिस्टलच्या भोवती साचतात. बोरॉन बारका, तो पटकन सरकून जाईल, पण निओबियम जाडजूड आणि सुस्त, शिवाय बोरॉनशी त्याची घट्ट मैत्री, तोही त्याला धरून बसतो. त्यामुळे प्रत्येक दाण्याभोवती निओबियम-बोरॉनने भरलेली अमॉर्फस साय जमते. त्या सायीचं स्वतःचं क्रिस्टलायझेशन तापमान फार वर आहे, म्हणून दाणा १० ते १२ नॅनोमीटरला अडकून बसतो.

तर तुझ्या ब्रेक आणि धक्क्याबद्दल म्हणायचं तर धक्का सुरुवातीला लागतो आणि ब्रेक नंतर. दोन्ही एकाच वेळी दाबलेत असं धरलंस म्हणून गोंधळ झाला.

स्वयंपाकघर_ते_लॅब:
मी केमिस्ट्रीवाली आहे, धातूतलं फार कळत नाही, पण जुने सर सांगतायत ते वाचताना सारखं साखरेचं डोक्यात येत होतं. खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडतात आणि आठवडाभर हात लावत नाहीत, क्रिस्टल कमी पण हे एवढाले. लाडवाचा पाक उतरवून घोटत बसलं की कण अगदी बारीक पडतात कारण एकदम हजार जागी सुरुवात होते. आणि गुलाबजामच्या पाकात आई लिंबू पिळते ते कशाला तर पाक साखरू नये म्हणून, साखर फुटून ग्लुकोज फ्रुक्टोज होतं आणि ते सुक्रोजच्या क्रिस्टलमध्ये बसत नाहीत, वाटेत नुसते लुडबुडतात. म्हणजे तांबं घोटण्यासारखं आणि निओबियम लिंबासारखं, असं चालेल का?

जुना_धातुकार:
चालेल काय, धावेल. फक्त एक फरक ध्यानात ठेवा, लिंबू पाकात पहिल्यापासून सगळीकडे सारखं असतं, निओबियमही सुरुवातीला सारखाच पसरलेला असतो पण त्याचा खरा अडथळा दाणा वाढायला लागल्यावर होतो, दाणा जेवढा वाढेल तेवढा त्याच्या तोंडाशी जास्त निओबियम गोळा. स्वतःच्याच वाटेत कचरा टाकत पुढे जाणारा माणूस डोळ्यासमोर आणा.

काचेचं_लोखंड:
हे पहिल्यांदा कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगितलं. सर एक विचारतो, मग बी मध्ये तांबं आहे, न्यूक्लियस भरपूर, मग त्यातही दाणे बारीकच मिळायला हवेत ना? मी एक्सआरडी (एक्स-रे टाकून क्रिस्टल ओळखायची चाचणी) केली तर पीक चांगले टोकदार आले, शेररच्या सूत्राने पीकच्या रुंदीवरून काढलं तर दाण्याची साईझ सी च्या कितीतरी पट.

सेंदाईहून:
मी उत्तर देतो, इथे पोस्टडॉक करतोय आणि आमच्या ग्रुपमध्ये रोज यावरच भांडणं असतात. बी मध्ये न्यूक्लियस भरपूर आहेत पण अडवायला कोणी नाही, सुरुवात झाली की प्रत्येक दाणा धावत सुटतो, जो आधी निघाला तो उशिरा निघणाऱ्यांची जागाच खाऊन टाकतो. आणि दुसरा पीक तिथे जवळच आहे, तो आयर्न बोराइडचा, म्हणजे नुसते दाणे मोठे होत नाहीत तर नको ती फेजपण येते. बोराइडची मॅग्नेटिक ॲनिसोट्रॉपी, म्हणजे चुंबकपणाला एकाच दिशेला बांधून ठेवायचा जोर, आपल्या लोखंड-सिलिकॉनच्या पन्नासेक पट असते, दोन चार टक्के बोराइड आला तरी सॉफ्ट मॅग्नेट (सहज चुंबक होणारं आणि सहज सोडणारं) म्हणून कारभार आटोपला.

पण भावा तुझ्या प्रयोगात एक भोक आहे आणि ते तुझ्या गाईडना दिसलं नाही याचं मला आश्चर्य वाटतंय. ए आणि बी ची तुलना ठीक, एकच गोष्ट बदललीस. सी मध्ये तू निओबियम घातलास पण सोबत सिलिकॉन ९ चा १३.५ केलास आणि बोरॉन १३ चा ९ केलास. आता पीक वर गेला तो निओबियममुळे किती आणि सिलिकॉन-बोरॉन बदलल्यामुळे किती हे तू कसं सांगणार? परीक्षक जागा असेल तर पहिला बॉल हाच टाकेल. तुला अजून दोन रिबन हव्यात. एक, सी मधून फक्त तांबं काढलेली, दुसरी, सी मधून फक्त निओबियम काढलेला. जे काढशील त्याच्या जागी लोह वाढव, बाकी काही हलवू नकोस. तांबं नसलेली तर कराच, तिच्यात पहिला पीक सी च्या वर जाईल, दाणे मोठे येतील आणि लोखंड-बोरॉनची कंपाउंड दिसतील, कारण निओबियम एकटा असला की सुरुवात व्हायलाच इतका उशीर होतो की सुरुवात होते तेव्हा तापमान चढलेलं असतं आणि सगळं एकदमच कोसळतं. ही एक रिबन दाखवलीस की "निओबियम असला की दाणे बारीक" हे अर्धं वाक्य कुणी तुझ्यासमोर बोलणार नाही.

आणखी एक, सी मध्ये तांबं असूनही पहिला पीक ५४५ ला का, बी सारखा ४७० ला का नाही, हेही विचारतील. डीएससीचा पीक म्हणजे फक्त न्यूक्लिएशन नव्हे, उष्णता बाहेर पडते ती दाणे वाढताना. जन्म लवकर झाला तरी वाढ संथ असेल तर पीक उशिरा दिसणार. म्हणून पीकच्या जागेवरून "तांब्याने काही केलं नाही" असा निष्कर्ष काढू नकोस. खात्री करायची असेल तर सी चा तुकडा ४०० ला तासभर ठेव, एक्सआरडीत तो अजून अमॉर्फस दिसेल, तोच रुंद कुबड, आणि मग त्याची डीएससी कर, ताज्या रिबनशी ताडून बघ.

डीएससीपीडित:
बरं मी चुकलो, मान्य. पण मग पीक वर गेला म्हणजे चांगलं हे पूर्ण चूक का? आमच्याकडे सगळे किसिंजर प्लॉट (हीटिंग रेट बदलला की पीक किती सरकतो त्याचा ग्राफ) काढून ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे क्रिस्टल व्हायला लागणारी ऊर्जा, जास्त आली की खूश होतात.

सेंदाईहून:
पूर्ण चूक नाही पण चुकीच्या आकड्याकडे बघताय. यात बघायचं ते दोन पीकमधलं अंतर. सी मध्ये ५४५ ते ७००, दीडशे डिग्रीची मोकळी जागा, त्या पट्ट्याच्या खालच्या भागात आरामात ॲनील कर (म्हणजे तापवून ठेव), पहिली फेज पूर्ण येईल आणि बोराइड येणार नाही. ए मध्ये ती फट ३० डिग्रीची, तुमच्या भट्टीचा थर्मोकपल तेवढा तर असाच हलत असेल. किसिंजर काढायला हरकत नाही, वेगवेगळ्या हीटिंग रेटला पीक सरकतो, लॉगचा ग्राफ काढला की सरळ रेष येतेच. पण तो आकडा न्यूक्लिएशन आणि ग्रोथ दोन्हीची खिचडी आहे. तांबं असलेल्या अलॉयमध्ये तर रस्त्यात गुच्छ आधीच तयार झालेले असतात, त्यामुळे एकच यंत्रणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते हे गृहीतकच डळमळीत. आकडा द्या, पण त्यावर प्रबंध उभा करू नका.

कोअरवाला_नाशिक:
शिकलेल्या लोकांत मधेच घुसतो. आम्ही रिबन विकत घेऊन टोरॉइड, म्हणजे बांगडीसारखे कोअर, गुंडाळतो आणि ॲनील करून देतो, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि चोकसाठी. तुमची ती सी वाली रिबनच असते. एक अनुभव सांगतो, पुस्तकात बारीक टायपात असतो म्हणून कुणी वाचत नाही. सुरुवातीला ज्या युनिटमध्ये होतो तिथे सॅम्पलवर सगळं मस्त आलं होतं, दोन चार छोटे कोअर, ५५० ला एक तास, पर्मिएबिलिटी (किती सहज चुंबक होतं ते) झकास. मोठी ऑर्डर आली, मालक म्हणाले ट्रे भरून टाका, भट्टी भरून टाका, आणि लवकर चढवा. भट्टीचा आकडा ५५० वर शांत, आणि आत कोअरच्या ढिगाचं तापमान कितीतरी वर. कारण हे जे क्रिस्टल होतात तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि ढिगाच्या मधल्या कोअरला ती टाकायला जागाच नाही, तो स्वतःला तापवतो, तापला की अजून क्रिस्टल, अजून उष्णता. अख्खी बॅच भंगार, कोअर्सिव्हिटी (चुंबकपणा घालवायला लागणारा जोर) मोजायच्या लायकीची राहिली नाही. तेव्हापासून ५०० च्या खाली थांबतो, ढीग आतबाहेर सारखा होऊ देतो, मग अगदी हळू चढवतो आणि थर्मोकपल ढिगाच्या पोटात घालतो. तुमच्या भाषेत तो दुसरा पीक काय ते आम्ही असा बघितला, खिशातून.

जुना_धातुकार:
वा. व्हायवाला हाच किस्सा सांग रे मुला, नाव गाव न घेता.

काचेचं_लोखंड:
कोअरवाला दादा हे सोन्यासारखं आहे. आता शेवटचे दोन प्रश्न. एक, १० नॅनोमीटरच का हवेत, ३० चाललं नसतं का? दोन, निओबियमच का, तो महाग, आमच्या लॅबने किलोचा भाव बघून हात जोडले. क्रोमियम घातलं तर?

सेंदाईहून:
एक. प्रत्येक दाण्याला आपली एक आवडती दिशा असते, चुंबकपणा तिकडे वळावा असं त्याला वाटतं. पण शेजारचे अणू एकमेकांना धरून असतात, आणि साधारण ३५ नॅनोमीटरच्या आत मॅग्नेटायझेशनला वळण घेता येत नाही. दाणे त्याहून बरेच लहान असले की एका वळणाच्या अंतरात पुष्कळ दाणे येतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, सगळ्यांचा गलका एकमेकांत विरून जातो आणि मॅग्नेटला काहीच अडत नाही. हर्झर यांनी यावरून दाखवलं की कोअर्सिव्हिटी दाण्याच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढते. आता तूच हिशेब कर, १० चे २० झाले तर ६४ पट, १० चे १५ झाले तरी ११ पट. चांगल्या सी रिबनची कोअर्सिव्हिटी मीटरला अर्ध्या अँपिअरच्या घरात असते, ३० नॅनोमीटरला ती कुठे जाईल बघ. जोडीला मॅग्नेटोस्ट्रिक्शनही (चुंबक होताना लांबी बदलणं) उतरतं, कारण क्रिस्टलचं निगेटिव्ह आणि उरलेल्या अमॉर्फसचं पॉझिटिव्ह, दोघं एकमेकांना खातात. सी मध्ये सिलिकॉन १३.५ ठेवलाय तो त्यासाठीच, त्यातला बराचसा दाण्यात जातो आणि दाण्यात सिलिकॉन २० टक्क्यांच्या जवळ पोचतो.

दोन. क्रोमियम सगळ्यात कमजोर निघतो. साधारण क्रम असा, क्रोमियम, मग व्हॅनेडियम, मग मॉलिब्डेनम आणि टंगस्टन जवळपास सारखे, आणि सगळ्यात जोरदार निओबियम आणि टँटलम. अणू जेवढा मोठा तेवढा चांगला अडथळा असं मोटामोटी धरता येतं. मॉलिब्डेनम करून बघ, मिळायला सोपा, दाणे थोडे मोठे येतील पण प्रोजेक्टला तुलना मिळेल. आणि तांब्याऐवजी सोनं घातलं तरी चालतं असंही दिसलंय, पण तुमच्या लॅबने निओबियमलाच हात जोडलेत म्हटल्यावर ते राहू दे.

योशिझावा आणि मंडळींनी हिताचीत १९८८ ला हे अलॉय जगासमोर ठेवलं, त्यानंतर लोकांची निम्मी शक्ती निओबियम काढून टाकण्यात गेली आहे. बहुतेक निओबियम एकट्या ब्राझीलमधून येतो, शिवाय तो घातला की लोह कमी होतं आणि सॅच्युरेशन पडतं. आमच्याच गावात तोहोकू विद्यापीठात माकिनो यांच्या गटाने निओबियमच काढला, लोह ८३-८४ पर्यंत नेलं आणि फॉस्फरस आणि थोडं तांबं घातलं, सॅच्युरेशन १.८ टेस्लाच्या वर. फॉस्फरसचं तांब्याशी जमतं त्यामुळे गुच्छ अजून दाट होतात. पण ब्रेकवाला नाही ना, त्यामुळे ॲनील करताना झपाट्याने चढवावं लागतं, मिनिटाला शेकडो डिग्री, नाहीतर पहिले निघालेले दाणे मोठे होऊन बसतात.

कोअरवाला_नाशिक:
म्हणजे हळू चढवलं तर दाणे मोठे आणि झपाट्याने चढवलं तर ढीग पेटणार. हे मटेरियल मला कुणी फुकट दिलं तरी नको, एक एक कोअर भाजत बसायला माझ्याकडे माणसं नाहीत.

सेंदाईहून:
हाहा अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. तिथेच सगळे अडकलेत.

स्वयंपाकघर_ते_लॅब:
एक शंका. तांबं १ टक्काच का, ३ टक्के घालून अजून न्यूक्लियस मिळवले तर?

जुना_धातुकार:
हाव करून बघितली आहे लोकांनी. पटत नसलेला पाहुणा एक असला तर कोपऱ्यात बसतो, तीन आले तर मेल्ट स्पिनिंगच्या वेळीच गोळा व्हायला लागतात आणि रिबन गोठतानाच तिच्यात क्रिस्टल पडतात, विशेषतः चाकाला न लागलेल्या मोकळ्या बाजूला, जिथे थंड व्हायला उशीर होतो. रिबन ठिसूळ येते. १ च्या आसपास पुरे.

आणि हे काचेचं लोखंड, नवीन रिबन ओतशील तेव्हा वजनाचा हिशेब दोनदा तपास. अणू टक्के आणि वजनाचे टक्के यात भलेभले पडतात. सी मध्ये निओबियम ३ अणू टक्के म्हणजे वजनात ५.७ च्या जवळ, आणि बोरॉन ९ म्हणजे वजनात जेमतेम २. माझ्या एका विद्यार्थ्याने बोरॉन वजनाने ९ टक्के घातला होता, चाकावरून रिबन नाही, नुसता चुरा उडाला.

काचेचं_लोखंड:
सर मी तेवढा नाही पण निओबियम पहिल्या वेळी ३ ग्रॅम १०० ला असंच घेणार होतो, आमच्या लॅब असिस्टंट काकांनी धरलं. ठीक, प्लॅन असा. दोन नवीन रिबन, एकीत तांबं नाही, एकीत निओबियम नाही, जमलं तर मॉलिब्डेनमवाली तिसरी. ४०० ला एक तास वाला प्रयोग या आठवड्यातच करतो, टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नंबर पुढच्या महिन्यात आहे. व्हीएसएमसाठी (चुंबकपणा मोजायचं यंत्र) रिबन ३ मिलिमीटरच्या तुकड्यांत कापायची आहे, ती ॲनील झाल्यावर कापू ना?

कोअरवाला_नाशिक:
आधी काप रे बाबा, आधी! ॲनील झाली की ती रिबन राहत नाही, कात्री लावलीस की पापड. आणि कापलेल्या तुकड्यांच्या कडा बोटाला लागतात, ग्लोव्ह घाल.